आधी पी शोधा, नाव मग ठेवा

प्रश्न आटपाडी तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांचा आहे. थोडक्यात असा: ‘ईसीजी मशीनने "एट्रियल फिब्रिलेशन" (एएफ, हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरणं) छापलं म्हणून एका आजोबांना मिरजेला पाठवलं, तिथे सायनस रिदम, म्हणजे हृदयाची नेहमीची लय, निघाला. पुढे एका पट्टीवर "सायनस टॅकिकार्डिया" छापून आलं, अशक्तपणा समजून सलाईन लावलं, तर ते फ्लटर (वरच्या कप्प्यात गोल फिरणारी जलद लय) होतं. पुस्तकातली चित्रं ओळखता येतात, खरी पट्टी हातात आली की गोंधळ होतो. नेमकं काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने?’

डॉक्टर, पुस्तकातलं चित्र ओळखता येतं कारण त्याच्याखाली नाव लिहिलेलं असतं. मशीनही तेच करतं, वरच्या कोपऱ्यात नाव छापून देतं आणि आपण त्या नावाला शोभेल असं पट्टीत बघू लागतो. म्हणून पहिली सवय ही लावा की तो कोपरा अंगठ्याखाली झाकायचा आणि अगदी शेवटी वाचायचा. गती किती, क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या ठोक्याचं टोकदार शिखर) किती रुंद, हे मोजण्यात मशीन पक्कं आहे. पी वेव्ह, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या ठोक्याचा छोटा उंचवटा, हुडकण्यात ते कच्चं आहे, आणि रिदमचं निदान तर पी वरच उभं असतं. तुमच्या दोन्ही पेशंटांच्या बाबतीत ते तिथेच चुकलं.

आधी आजोबांचं घेऊ. म्हातारा माणूस, हाताला कंप, थंडीचे दिवस, आणि टेबलाचं लोखंड पाठीला लागतंय. अशा पट्टीची बेसलाइन थरथरते, त्यात पी बुडतो. त्यातच चार-दोन एट्रियल एक्टोपिक (वरच्या कप्प्यातून वेळेआधी आलेले जादा ठोके) पडले की ठोके अनियमित होतात. पी दिसत नाही आणि ठोके अनियमित, म्हणजे एएफ, असा मशीनचा हिशेब. इथे एक युक्ती कामाची आहे. लीड म्हणजे हृदयाची वीज मोजण्याची एकेक बाजू: लीड १ दोन्ही हातांमधली, लीड २ उजवा हात आणि डावा पाय यांच्यातली, लीड ३ डावा हात आणि डावा पाय यांच्यातली. उजवा हात कापत असेल तर १ आणि २ खराब येतील, ३ स्वच्छ राहील. तिन्हींपैकी एक स्वच्छ आणि दोन खराब असतील, तर दोष हृदयाचा नाही, त्या दोघींत सामाईक असलेल्या हातापायाचा आहे. चिमटे मनगटावरून काढून दंडावर लावा, अंगावर पांघरूण घाला, हात मांडीखाली दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा पट्टी काढा. अर्ध्याअधिक ‘एएफ’ इथेच बरे होतात.

वायरींचंही तसंच. आपल्याकडच्या बहुतेक मशीनला लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या पायाला. लाल-पिवळीची अदलाबदल झाली की लीड १ मध्ये पी, क्यूआरएस, टी (क्यूआरएसनंतरचा उंचवटा) सगळंच उलटं येतं आणि एव्हीआर (उजव्या हाताची लीड) सुलटी दिसते. छातीच्या लीड मात्र नेहमीसारख्याच राहतात. लाल आणि काळीची अदलाबदल झाली तर लीड २ जवळजवळ सपाट येते. ती सपाट रेघ बघून घाबरू नका, पेशंटकडे बघा. तो तुमच्याशी बोलत असतो.

आता क्रम. पेशंट शुद्धीवर आहे का, बीपी किती, घाम आहे का, छातीत दुखतंय का, हे पट्टीच्या आधी. मग दोन प्रश्न, पाच सेकंदांत सुटणारे: क्यूआरएस अरुंद की रुंद, आणि ठोके नियमित की अनियमित. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने पळतो, म्हणजे छोटा चौकोन ०.०४ सेकंदांचा आणि मोठा ०.२० चा. क्यूआरएस तीन छोट्या चौकोनांपेक्षा कमी तर अरुंद, तीन किंवा जास्त तर रुंद. गतीसाठी ३०० ला दोन आर (क्यूआरएसची टोकं) मधल्या मोठ्या चौकोनांनी भागा. पण ही युक्ती फक्त नियमित ठोक्यांना लागू. अनियमित असतील तर लीड २ ची लांब पट्टी काढा, ३० मोठे चौकोन म्हणजे ६ सेकंद, त्यातले क्यूआरएस मोजून दहाने गुणा. एका चॅनेलच्या मशीनवर तीन-तीन ठोके कापून चिकटवलेल्या तुकड्यांवरून रिदम सांगायला जाऊ नका. कागद वाचवण्याची ही जागा नव्हे.

उरलेला सगळा वेळ पी साठी. सायनसचा पी लीड २ मध्ये सुलटा आणि एव्हीआर मध्ये उलटा असतो, प्रत्येक क्यूआरएसच्या आधी असतो आणि त्याचं अंतर, म्हणजे पीआर, ०.१२ ते ०.२० सेकंद असतं. हे सगळं जुळलं तर सायनस, मग गती ४५ असो की १४०. लीड २ आणि व्ही१ (छातीची पहिली लीड) मध्ये आधी शोधा. तिथे नाहीच दिसला तर तो नाही असं म्हणू नका, कुठे लपलाय ते विचारा. लपायच्या जागा दोनच: टी वेव्ह आणि खुद्द क्यूआरएस. त्याच माणसाचे सगळे टी शेजारी ठेवून बघा. एखादा टी जास्त टोकदार किंवा खांदा उचललेला असेल तर आत पी आहे. अचानक एक ठोका चुकला की आपण लगेच ‘ब्लॉक’ (वरून खाली येणारी वीज अडणं) म्हणतो, पण अशा थांब्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे वेळेआधी पडलेला आणि पुढे न पोचलेला एट्रियल एक्टोपिक. थांब्याच्या आधीच्या टी मध्ये तो सापडतो. त्याला पेसमेकर लागत नाही.

कर्कटक असेल तर उत्तम, नसेल तर ओपीडीच्या कागदाची कड पुरते. कड पट्टीवर ठेवायची, ओळीने दिसणाऱ्या दोन-तीन पी वर पेन्सिलने खुणा करायच्या आणि कागद पुढे सरकवायचा. न दिसणारे पी कुठे असायला हवेत ते खुणाच सांगतात.

तुमची दुसरी पट्टी आता या हिशेबाने बघा. गती १५०, अरुंद, नियमित, म्हणजे दोन आर मध्ये बरोबर दोन मोठे चौकोन. साठी-सत्तरीचा माणूस शांत पडून असताना नाडी १५० ला चिकटून राहिली तर सायनस हे नाव सहजासहजी घ्यायचं नाही. सायनसची गती श्वासाबरोबर, तापाबरोबर, बोलण्याबरोबर हलते. अर्ध्या तासाने पुन्हा पट्टी काढली की १५० ची १३८ होते, सलाईन गेल्यावर १२६. फ्लटर हलत नाही. सकाळी १५०, दुपारी १४९. कारण उजव्या एट्रियममधलं, म्हणजे वरच्या कप्प्यातलं, चक्र मिनिटाला साधारण ३०० वेळा फिरत असतं आणि एव्ही नोड, म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला दरवाजा, त्यातला एक आड एक सोडतो. औषधं चालू असतील किंवा एट्रियम फार मोठं असेल तर चक्र संथ होतं आणि गती १३० च्या आसपासही दिसते, तेवढं ध्यानात असू द्या.

तुमच्या पट्टीच्या फोटोत व्ही१ मध्ये प्रत्येक दोन क्यूआरएसच्या अगदी मधोमध एक छोटा उंचवटा आहे. मशीनने त्यालाच पी धरलं. पी असा बरोबर मधोमध दिसला की दुसरा क्यूआरएसच्या पोटात लपलेला आहे असा संशय घ्यायचा. याला बिक्सचा नियम म्हणतात. कागदाच्या कडेवर त्या उंचवट्याची खूण करा, एक मोठा चौकोन सोडून दुसरी खूण करा. ती थेट क्यूआरएसच्या शेवटी येते आणि तिथे एक बारीक वळण आहेच. मग लीड २, ३ आणि एव्हीएफ कडे बघा, बेसलाइन कुठेही सपाट टेकत नाही, करवतीच्या दात्यांसारखी सलग चाललेली आहे. आता तुम्हाला दुसरं काही दिसणारच नाही.

तरी शंका राहिली तर व्हॅगल मॅन्युव्हर (जोर करून फुंकण्यासारखी नाडी उतरवणारी युक्ती) करा किंवा जिथे मॉनिटर आणि शॉकची सोय आहे तिथे अॅडेनोसिन (नोड क्षणभर अडवणारं औषध) द्या. आणि एक गोष्ट मी माझ्या प्रत्येक रेसिडेंटच्या मागे लागून सांगतो: अॅडेनोसिन देताना पट्टी चालू पाहिजे. औषध काही सेकंदच टिकतं. त्या सेकंदांत क्यूआरएस थांबले आणि खाली ३०० चे दाते उघडे पडले तर फ्लटर. गती एकदम तुटून सायनस आला तर बहुतेक एव्ही नोडमधून फिरणारी एसव्हीटी (एकदम सुरू होणारी जलद लय). हळूहळू उतरून पुन्हा चढली तर सायनस. पट्टी बंद ठेवून दिलेलं अॅडेनोसिन म्हणजे निम्मं वाया घालवलेलं अॅडेनोसिन.

एसव्हीटीची गोष्ट वेगळी असते. बहुधा तरुण बाई, ‘एकदम सुरू झालं, एकदम थांबतं, गळ्यात ठोके उडतात’ असं सांगते. गती १७०-१९०, अरुंद, काट्यासारखी नियमित, पी दिसत नाही. जुनी शांत पट्टी शेजारी ठेवली तर व्ही१ मध्ये क्यूआरएसच्या शेवटी एक जादा टोक दिसतं, तोच उलट दिशेने आलेला पी. हिला तुमच्या केंद्रातही मदत करता येते. अर्धवट बसलेल्या स्थितीत १० मिलीच्या सिरिंजमध्ये दट्ट्या हलेल एवढ्या जोराने १५ सेकंद फुंकायला लावा, मग लगेच आडवं करून दोन्ही पाय ४५ अंशांत १५ सेकंद उचलून धरा. २०१५ च्या रिव्हर्ट चाचणीत या सुधारित पद्धतीने ४३ टक्के पेशंट सायनसमध्ये आले, साध्या पद्धतीने १७ टक्के. खर्च शून्य. नाहीच थांबलं तर कोपराच्या मोठ्या शिरेतून अॅडेनोसिन ६ मिलिग्रॅम झटक्यात, मागून २० मिली सलाईन, नंतर गरज पडली तर १२. देण्याआधी तिला सांगा की काही क्षण छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटेल, नाहीतर ती दुसऱ्या डोसला हात देणार नाही. दम्याचा जोरदार त्रास असलेल्याला देऊ नका.

अनियमित आणि अरुंद असेल, पी कुठेच नाही आणि अनियमितपणात कसलाही नेम नाही, तर एएफ. ‘नेम नाही’ हे मोजून ठरवा. गती १६० च्या पुढे गेली की एएफ सुद्धा वरवर नियमित दिसतं. आपल्या भागात एएफ दिसलं की मायट्रल स्टेनोसिस (मायट्रल झडप अरुंद होणं) ऐकायला विसरू नका, तरुण बाईमध्ये तर मुळीच नाही. संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपा अजून येतातच. मध्यम किंवा तीव्र स्टेनोसिसबरोबरच्या एएफला रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन किंवा अॅसिनोकुमारॉलच. नवी औषधं सोयीची असली तरी इथे नाहीत. २०२२ च्या इनव्हिक्टस चाचणीत अशा झडपवाल्या पेशंटांत रिव्हरोक्साबॅन मागे पडलं. याच पेशंटांतले कित्येक जण डिगॉक्सिनवर (हृदयाची गती उतरवणारं औषध) असतात. त्यांच्यापैकी कुणाची वर्षानुवर्षं अनियमित असलेली नाडी एक दिवस एकदम नियमित ५० लागली, तर एएफ बरं झालं म्हणून नातेवाइकांना आनंदाची बातमी देऊ नका. पी बघा. पी नसतानाही ठोके नियमित असतील तर वरून काहीच खाली पोचत नाही, जंक्शन, म्हणजे नोडजवळचा भाग, स्वतःच्या गतीने चाललंय, आणि डिगॉक्सिन जास्त झालंय. जुलाब-उलट्या आणि वाढलेलं क्रिएटिनिन बहुधा सोबत असतं.

आता रुंद आणि जलद. इथे मी हट्टी आहे. रुंद, नियमित, जलद म्हणजे व्हीटी (खालच्या कप्प्यातून निघालेली धोक्याची लय), दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसात तर जवळपास नेहमीच. ‘बीपी चांगलं आहे, चहा मागतोय, म्हणजे व्हीटी नसेल’ हा तर्क खोटा आहे, व्हीटीचा पेशंट गप्पा मारू शकतो. इथेही पी शोधायचाच: क्यूआरएसशी काही देणंघेणं न ठेवता संथपणे स्वतःच्या वाटेने जाणारे पी दिसले, मध्येच एखादा अरुंद ठोका घुसला, किंवा एखादा अर्धा अरुंद अर्धा रुंद असा मिश्र ठोका आला, तर निदान पक्कं. पण हे नाही दिसलं म्हणून व्हीटी नाही असं होत नाही, आणि शोधत बसायलाही जाऊ नका. व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम चुकूनही देऊ नका. बीपी पडलेलं असेल तर सिंक्रोनाइज्ड (ठोक्याशी जुळवून दिलेला) शॉक, ठीक असेल तर अॅमिओडॅरोन १५० मिलिग्रॅम दहा मिनिटांत, आणि १०८ ला फोन पट्टी हातात असतानाच.

रुंद, जलद पण अनियमित, आणि क्यूआरएसची रुंदी ठोक्यागणिक बदलतेय, गती काही ठिकाणी २०० च्या वर, पेशंट तरुण: हे नोडला वगळणाऱ्या जन्मजात जादा वाटेवरून उतरणारं एएफ, डब्ल्यूपीडब्ल्यू. नोड अडवणारं कुठलंही औषध नको, शॉकची तयारी.

आणि रुंद आहे पण गती ११०-१२० च्या आतच, पी गायब, क्यूआरएस अवाढव्य आणि टी मध्ये मिसळून गेलेला? हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली शीर) आहे का बघा, डायलिसिस चुकलं का विचारा. पोटॅशियम वाढलेलं असणार, त्याचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली दोन-तीन मिनिटांत शिरेतून द्या आणि पट्टी डोळ्यांसमोर अरुंद होताना बघा. लागलं तर पुन्हा द्या. त्याने पोटॅशियम उतरत नाही, फक्त वेळ मिळतो.

टोर्साडचं, म्हणजे पिळदार व्हीटीचं, एक. द्राक्षाच्या आणि उसाच्या पट्ट्यात ऑर्गनोफॉस्फरस कीटकनाशकांची विषबाधा तुम्हाला भरपूर दिसणार. अॅट्रोपिनच्या, म्हणजे उताऱ्याच्या, नादात क्यूटी (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी च्या शेवटापर्यंतचं अंतर) बघायचा राहतो. तो लांबला असेल, वर उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉन आणि न्यूमोनियाच्या भीतीने अॅझिथ्रोमायसिन पडलं, की रुंद ठोके बेसलाइनभोवती पिळ खात वर-खाली होऊ लागतात. मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम शिरेतून. ते शोधायला लांब जायला नको, एक्लॅम्पसियासाठी (गरोदरपणातले झटके) ते तुमच्या लेबर रूमच्या ट्रेमध्ये आहे. ५० टक्क्यांचा २ मिलीचा अँप्यूल म्हणजे १ ग्रॅम. पातळ करून द्या.

संथ रिदमचं फार थोडक्यात, कारण नियम तोच. पीआर नुसता लांब, एकही पी वाया जात नाही: पहिल्या पायरीचा ब्लॉक, औषधांची यादी बघा आणि सोडा. पीआर लांबत लांबत एक पी वाया जातो: वेंकेबाख, झोपेत आणि खेळाडूंत चालतो. पीआर एकसारखा आणि अचानक पी वाया: मोबिट्झ दोन, पेशंट हसत असला तरी त्याच दिवशी पुढे पाठवा.

पण पूर्ण ब्लॉकची एक पट्टी सविस्तर सांगतो, कारण ती आपल्या बांधावरची आहे. पिवळी कण्हेर, आपण बिट्टी म्हणतो ती. देवळामागे, शाळेच्या कुंपणाला, सगळीकडे. बियांमध्ये डिगॉक्सिनच्या जातीचं विष असतं. विशीतली मुलगी उलट्या घेऊन येते, घरचे ‘पित्त झालंय’ म्हणतात. पट्टी अशी: पी लीड २ मध्ये सुलटे, दोन पी मध्ये साडेतीन मोठे चौकोन, म्हणजे गती ८५ च्या आसपास. क्यूआरएस अरुंद, पण दोघांत साडेसात चौकोन, म्हणजे ४०. वरवर बघितलं तर पहिल्या क्यूआरएसच्या आधी पी आहे, दुसऱ्याच्याही आधी आहे, आणि सायनस ब्रॅडिकार्डिया लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. कागदाची कड ठेवा. पहिल्याचा पीआर एक चौकोन, दुसऱ्याचा दीड, तिसऱ्याचा दोन, त्याच तिसऱ्याच्या टी वर उंचवटा आहे आणि खूण नेमकी तिथेच पडते, सहाव्यात पी क्यूआरएसमध्ये शिरलाय. पी आपल्या चालीने, क्यूआरएस आपल्या चालीने, दोघेही नियमित, एकमेकांची ओळख नाही. तरुण मुलगी, हृदयाचा आजार नाही, उलट्या आणि पूर्ण ब्लॉक, हे एकत्र आलं की घरच्यांना बाजूला घेऊन बिट्टीबद्दल थेट विचारा. अॅट्रोपिन सुरू करा. आपला अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमचा, दोन-दोन करत साधारण ३ मिलिग्रॅमपर्यंत. पोटॅशियम मागवा, आणि तात्पुरता पेसमेकर बसवता येईल तिथे पाठवा. बी खाऊन आलेल्याची पहिली पट्टी नॉर्मल असली तरी संध्याकाळी घरी सोडू नका. ब्लॉक तासांनी उगवतो, निदान २४ तास मॉनिटरवर हवं.

लाल विंचू चावलेल्याची पट्टी याच्या उलट. नाडी १४०, हातपाय गार, घामाने भिजलेला, मधूनमधून व्हेंट्रिक्युलर एक्टोपिक. एक्टोपिक बघून लिग्नोकेन (ते ठोके दाबणारं औषध) काढू नका. पी प्रत्येक ठोक्याआधी आहे, म्हणजे सायनस आहे, म्हणजे आजार रिदमचा नाही, विषाचा आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी रूढ केलेलं प्रॅझोसिन वेळेत द्या, बहुतेकदा पट्टी आपोआप शांत होते.

व्हॉट्सअॅपवर पट्टी पाठवताना एवढं सांभाळा: कागद टेबलावर सपाट, फोटो वरून सरळ, बाराही लीड आणि लांब लीड २ एकत्र, उंचीची खूण दिसेल अशी, पेशंटचं नाव झाकून. तिरक्या फोटोत चौकोन वाकतात आणि मोजणी चुकते. सोबत वय, बीपी, तक्रार कधी सुरू झाली आणि चालू औषधं लिहा. आणि जुनी पट्टी असेल तर तीही पाठवा, निम्म्या वेळा उत्तर त्या जुन्या पट्टीतच असतं. थर्मल कागद दोन-तीन उन्हाळ्यांत पांढरा पडतो, तेव्हा पेशंटला मूळ पट्टी देताना तिची झेरॉक्स काढून फाइलला जोडायची सवय तुमच्या सिस्टरना लावा. झेरॉक्सचं मशीन नसेल तर मोबाइलवर फोटो काढून पेशंटच्याच फोनमध्ये ठेवला तरी चालतो.